चाल कोणाची, नाव कोणाचं

पुणे–सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की वरवंडच्या अलीकडे चौफुला लागतो आणि तिथून केडगावला फाटा जातो. नगरला चिकटलेलं केडगाव निराळं. हे दौंड तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं, उसाचं आणि गुऱ्हाळांचं. गाण्याचा कान असलेल्या माणसाला हा टापू गमतीचा वाटेल. चौफुल्याला संगीत बारीची थिएटरं. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. जवळच नारायण महाराजांचं बेट आणि तिथलं दत्ताचं देऊळ. शिवाय दर वर्षी तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडचा मुक्काम करत याच रस्त्यानं पंढरीला जाते. लावणी, ख्रिस्ती उपासनेची गीतं, दत्ताची आरती आणि वारकऱ्यांची भजनं, सगळं हाकेच्या अंतरावर.

अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला गाणं सहसा पहिल्या गायकाकडून भेटत नाही. ते लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवरून येतं, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रातून येतं, भजनी मंडळानं सिनेमाच्या चालीवर बसवलेल्या गौळणीतून येतं. मूळ गाणं पुढे कधीतरी रेडिओवर कानी पडतं आणि वाटतं, हा बुवा आपलं गाणं असं का गातोय? कानाला जे आधी भेटलं तेच त्याचं खरं गाणं होऊन बसतं. यात कानाचा दोष नाही. पण गाणं हातोहात पुढे जाताना काही नावं टिकतात आणि काही गळतात. गळतात ती बहुतेक एकाच प्रकारच्या माणसांची, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

बारीपासूनच सुरुवात करू. फडाचा तमाशा गावोगाव फिरतो. संगीत बारी थिएटरात मुक्कामाला असते. एकेका थिएटरात अनेक पार्ट्या. गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या बाया, पेटी, तबला, ढोलकी, समोर बैठक, आणि फर्माईश आली की दौलतजादा. बाहेरच्याला वाटतं, इथं शाहिरांच्या काळातली अस्सल लावणी ऐकायला मिळेल. ती मिळतेही, खास जाणकार बसला असेल तर एखादी बाई बसून, अदा करत, ओळ दहा अंगांनी फिरवून दाखवते. यमुनाबाई वाईकरांनी ही बैठकीची लावणी जन्मभर सांभाळली आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती 2012 साली, वयाच्या नव्वदीनंतर. पण फर्माईश करणाऱ्यांना बहुधा हवी असते सिनेमातली लावणी.

आता ही सिनेमातली लावणी आली कुठून? अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत, माडगूळकरांचे शब्द, आशा भोसल्यांचा आवाज. 1972 साली शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला; राम कदमांच्या चाली, खेबुडकरांची गाणी, उषा मंगेशकरांचा गळा. या गाण्यांचा जीव तमाशाच्या बोर्डावरचाच होता, स्टुडिओनं त्याला तीन मिनिटांत बसवलं. मग बारीतल्या बायांनी तीच गाणी सिनेमातून उचलली, कारण प्रेक्षक तीच मागत होता. म्हणजे त्यांच्याच घरातली वस्तू बाहेरून फिरून, झकपक होऊन त्यांच्याकडे आली आणि त्यांनाच ती नक्कल म्हणून गावी लागली. 2010 साली ‘नटरंग’च्या वेळी पुन्हा तेच झालं.

सुलोचना चव्हाण यांची गोष्ट याहून चमत्कारिक. गिरगावात जन्मलेली ही मुलगी सुलोचना कदम या नावानं हिंदी सिनेमात गात होती. पुढे ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटासाठी लावणी गायली आणि तिची वाटच बदलली. लावणीच्या उच्चारांचा, ठसक्याचा धडा दिला तो पती श्यामराव चव्हाणांनी. अत्र्यांनी सुलोचनाबाईंना लावणीसम्राज्ञी म्हटलं. डोक्यावरचा पदर ढळू न देता, मायक्रोफोनपुढे उभं राहून गाणारी ही संसारी बाई. आणि आज बारीतल्या नव्या मुली तिचा ठसका ऐकून लावणी शिकतात. मला यात तक्रारीचं कारण दिसत नाही. फक्त हिशेब नीट मांडला पाहिजे, की सुलोचनाबाईंच्या आधी हा ठसका कुणाकुणाच्या गळ्यात होता. त्यातल्या बहुतेकींची नावं रेकॉर्डच्या लेबलावर कधी आलीच नाहीत.

केडगावात वळलं की दुसराच सूर. रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आणलं, आणि 1896–97च्या दुष्काळात उपाशी मुलीबाळी गोळा करून केडगावच्या जमिनीवर मुक्तीचा पसारा उभा केला. 1922 साली त्या वारल्या. त्यांनी मूळ हिब्रू–ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर नंतर छापून बाहेर आलं. धर्मग्रंथाच्या बाबतीत उगमापर्यंत जाण्याचा एवढा हट्ट धरणारी बाई याच गावात होती. गाण्याला मात्र हा हट्ट सोसत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’मध्ये दोन प्रवाह आहेत. एक नारायण वामन टिळकांचा, अभंग–ओवीच्या वळणाचा. दुसरा परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेल्या गीतांचा. नाताळात ख्रिस्ती घरातलं मूल ‘सायलेंट नाइट’ची चाल आधी मराठी शब्दांत ऐकतं, शाळेत गेल्यावर इंग्रजी ऐकून त्याला वाटतं, अच्छा, मूळ हे होय. पण तेही मूळ नव्हे. शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची, भाषा जर्मन, आणि गाणं पहिल्यांदा झालं 1818च्या नाताळाला, साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात, गिटारवर. त्याचं रूढ इंग्रजी भाषांतर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं. मोर आणि ग्रूबर हेही आडगावचेच, आणि जगभर लाखो लोक हे गाणं त्यांची नावं न घेता गातात.

आता तमाम मराठी घरांत घडलेलं, पण कुणी सहसा न बोललेलं उदाहरण घेतो: गीतरामायण. 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि आठवड्याला एक या बेतानं वर्षभर माळ चालली. अधिक महिना आल्यामुळे गीतं झाली 56. सीताकांत लाड यांची कल्पना आणि पाठपुरावा, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, चाली. पण रेडिओवर ही सगळी गीतं बाबूजींनी गायली नव्हती. तो अनेक पात्रांचा आणि अनेक गळ्यांचा मेळ होता. रामाची गीतं बाबूजींकडे, सीतेची माणिक वर्मांकडे, लक्ष्मणासाठी सुरेश हळदणकर. शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, ललिता फडके, मालती पांडे अशी मंडळी. लोक रेडिओला हार घालून ऐकायचे, ही आठवण घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली असते.

मग बाबूजी एकट्यानं कार्यक्रम करू लागले, त्यांच्या आवाजात सगळ्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, कॅसेटी निघाल्या. माझ्या आणि माझ्यानंतरच्या पिढ्यांचं गीतरामायण ते हेच. सीतेचा आक्रोश, कौसल्येची तगमग, शूर्पणखेचा थयथयाट, सगळं एका पुरुषाच्या आवाजात ऐकलं आणि ते कधी खटकलं नाही. उलट माणिकबाईंचा आवाज नंतर ऐकला तर आधी तोच परका वाटतो. स्वतः संगीतकार गातो आहे, तेव्हा याला कव्हर कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. चाल त्यांचीच, हक्क त्यांचाच. पण ते गीत महाराष्ट्रानं पहिल्यांदा ज्या गळ्यातून ऐकलं तो गळा दुसरा होता, हेही तितकंच खरं. माझ्या मते बाबूजींच्या गाण्यात शब्द अधिक स्वच्छ लागतो आणि कथेचा धागा एका हातात राहतो. रेडिओच्या रूपात मात्र माणसं वेगवेगळी भेटत होती, एकाच घटनेकडे निरनिराळ्या उंचीवरून बघत होती. ते नाट्य एकपात्री रूपात थोडं मावळलं. पुढे इतर भाषांत गीतरामायणाचे अनुवाद झाले तेही याच चालींवर. म्हणजे कुणा कानडी किंवा बंगाली घरात आज ते त्यांचं म्हणूनच ऐकलं जात असेल.

खरं तर मराठी माणसाला या सगळ्याची सवय नाटकानं लावली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा नव्या चाली बांधण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. साकी, दिंडी, कीर्तनातली पदं, लावणीचं वळण, कानडी मुलखातल्या चाली: जे लोकांच्या कानात होतं त्यावर त्यांनी शब्द चढवले. पहिल्या प्रेक्षकांना त्यामुळे ते ओळखीचं वाटलं. गंमत पुढच्या पिढीची. तिला मूळ चाल माहीतच नव्हती. तिच्यासाठी ते पदच पहिलं. 1911च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी–कजरीचा बाज आणला. 1916च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशी वापरल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून ही पदं घरोघरी गेली, आणि तेव्हापासून मराठी श्रोत्याचं एक ठरलेलं होऊन बसलं: मैफलीत कुणी खाँसाहेब जुनी बंदिश मांडतात आणि आमच्या रांगेत कुजबुज होते, ‘अहो, हे तर स्वयंवरातलं!’ बंदिश शे-दीडशे वर्षांची असली तरी.

या जमान्याचा एक चांगला रिवाज होता. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ती कशावरून घेतली ते लिहिलेलं असे. उसनवारी उघड असे. तरीही चालीपलीकडचा माणूस गळायचा तो गळायचाच. ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आलं तेव्हा नाटककार गडकरी हयात नव्हते. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि चाली दिल्या त्या सुंदराबाई जाधवांनी. ठुमरी, दादरा, गझल, लावणी सगळ्यात पारंगत असलेली पुण्यातली ही बैठकीची गायिका. सिंधूच्या त्या करुण पदांवर महाराष्ट्र रडला. नाव झालं बालगंधर्वांचं, आणि ते व्हायलाच हवं होतं, पण सुंदराबाईंनी ती चाल आधी स्वतः गाऊन दाखवली असणार, आणि तो पहिला उच्चार ऐकणारे मोजकेच. त्यांची मैफल, यमुनाबाईंची अदा, चौफुल्याची बारी ही एकाच वंशातली.

बालगंधर्वांनाही पुढे तेच भोगावं लागलं. 2011च्या त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांची पदं आनंद भाट्यांनी गायली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, आणि कित्येक तरुणांना गंधर्व पहिल्यांदा भेटले ते भाट्यांच्या आवाजात. मूळ तबकडी लावल्यावर ही मुलं म्हणतात, खरखर फार आहे. 2015च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ आला तेव्हा हे आणखी ठळक झालं. दारव्हेकरांचं नाटक 1967चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपटात पंडितजींच्या पात्रासाठी शंकर महादेवन, खाँसाहेबांसाठी वसंतरावांचेच नातू राहुल, सदाशिवसाठी अभिषेकींचेच शिष्य महेश काळे. रक्ताचा आणि विद्येचा असा दुहेरी वारसा असल्यावर कोण तक्रार करणार? मीही करत नाही. पण एक सांगतो: चित्रपटातलं गाणं ऐकून मग वसंतरावांकडे गेलेल्यांपैकी निम्मे तरी दचकतात. त्यांची तान सरळ येत नाही. ती अंगावर येते, मध्येच वळते, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. चित्रपटाच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणानंतर ते ओबडधोबड वाटतं. दुसऱ्यांदा ऐका. शिवाय अभिषेकींनी नाटकातच एका पदाला दोन चाली देऊन दोन घराण्यांचं भांडण सुरांतून उभं केलं होतं, म्हणजे तिथं मूळ आणि दुसरं रूप एकाच नाटकात समोरासमोर होती.

कॅसेटच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात दोन वर्षं उलटली की ठरावीक रक्कम भरून गाणं दुसऱ्या आवाजात काढायची मुभा होती. टी-सीरिजच्या गुलशन कुमारांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला, आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत रफी–किशोरची गाणी स्वस्तात मिळू लागली, मात्र गाणारे दुसरेच. 2012च्या दुरुस्तीनं दोनाची पाच वर्षं केली, तोवर कॅसेटच संपली होती. त्या स्वस्त कॅसेटींनी खेड्यापाड्यात गाणं पोचवलं हे नाकारता येत नाही.

जगात इतरत्रही असंच चालतं. बॉब डिलननं 1967 साली ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ काढलं, दुसऱ्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सनं ते गिटारीनं पेटवून दिलं, आणि पुढे डिलन स्वतःच आपलं गाणं हेंड्रिक्सच्या वळणानं गाऊ लागला. इतकी दिलदारी आपल्याकडे कुणी दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

आता उलटी गंगा. अजय–अतुल यांचं बालपण पुणे जिल्ह्यातल्याच गावांत गेलं. ‘जत्रा’साठी त्यांनी केलेलं ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं आणि गावोगावच्या वरातींनी ते उचललं. 2012च्या ‘अग्निपथ’मध्ये त्याच चालीवर ‘चिकनी चमेली’ आलं. देशाला आधी भेटली ती चमेली. मग ‘सैराट’. करमाळ्याकडची माती, 2016चा उन्हाळा, आणि ‘झिंगाट’वर थिएटरात खुर्च्या सोडून नाचणारी पोरं. 2018 साली ‘धडक’मध्ये तेच हिंदीत आलं. संगीतकार तेच, गाणारे तेच, शब्द अमिताभ भट्टाचार्यांचे. आपल्याकडे केवढा आरडाओरडा! यात ती मजा नाही, ती रग नाही, हिंदीवाल्यांनी आपल्या गाण्याचं मातेरं केलं. मीही त्या ओरड्यात होतो, आणि माझं मत अजून बदललेलं नाही. हिंदी झिंगाट मला फिकंच वाटतं. फक्त इतकंच मनात येतं की 1911 साली बनारसकडची एखादी ठुमरी गाणारी बाई ‘मानापमान’च्या खेळाला येऊन बसली असती, तर आपल्या चालीवरचे मराठी शब्द ऐकून तीही शेजारणीच्या कानात हेच बोलली असती.