कातड्याएवढी जमीन आणि लाखेची मोहर

फरार आरोपीच्या मुसक्या आवळल्या, इतक्या लाखांचा मुद्देमाल हस्तगत. पालघर जिल्ह्याच्या पानावर या धर्तीची बातमी अधूनमधून असतेच. सापळा कुणी रचला, पथकात कोण होतं, एवढं सांगून ती संपते. पण माझ्या मते खरी गंमत त्यानंतर सुरू होते. पकडलेला माणूस निदान स्वतःचं नाव तरी सांगू शकतो. पकडलेली वस्तू मुकी असते. ती आज जव्हारच्या पोलीस ठाण्यात जमा झाली आणि चार वर्षांनी न्यायाधीशांसमोर टेबलावर आली, तर ही तीच वस्तू, असं कोण सांगणार? या एका प्रश्नाभोवती कायद्याने केवढा खटाटोप उभारला आहे, ते पाहून थक्क व्हायला होतं.

आधी माणसाचं पाहू. जव्हारचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. पूर्वेला मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिकची वाट, उत्तरेला दादरा-नगर हवेली, खाली उतरलं की विक्रमगड आणि पुढे पालघर. पळणाऱ्याला थोड्याच वेळात जिल्हा बदलता येतो, राज्यही बदलता येतं. १९४८ पर्यंत तर हे मुकणे राजांचं संस्थान होतं आणि भोवती इंग्रजांचा ठाणे जिल्हा. इंग्रजी मुलखातलं वॉरंट संस्थानात आपोआप चालत नसे, मध्ये दरबार येई. पळणाऱ्याची ती सोय आज उरलेली नाही. न्यायालयाचं वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं. आरोपी दूरच्या जिल्ह्यात सापडला तर त्याला बहुधा आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं करतात आणि मग प्रवासापुरती कोठडी घेऊन इकडे आणतात. अटकेपासून चोवीस तासांच्या आत दंडाधिकारी दिसलाच पाहिजे, हा नियम सगळीकडे सारखा. प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळतात.

फरारीला शोधण्याची जुनी रीत काय होती? बक्षीस, खबरी आणि चिकाटी. महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे (जव्हारचं राजघराणंही त्याच समाजातलं) सह्याद्रीच्या या रांगांत इंग्रजांना वर्षानुवर्षं हुलकावणी देत राहिले. सापडले ते डोंगरात नव्हे, पंढरपुरात, जानेवारी १८४८मध्ये, यात्रेकरूंच्या मेळ्यात. त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. सरकारदरबारी ते दरोडेखोर होते. इथल्या डोंगरांतल्या लोकांचं मत वेगळं होतं आणि आजही आहे.

आता माणूस सापडतच नसेल तर न्यायालय जाहीरनामा काढतं. त्याचा नियम वाचताना मला फार मौज वाटते, कारण मोबाइलच्या लोकेशनवरून माणूस शोधण्याच्या या काळातही भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, सांगते की, आरोपी जिथे राहतो त्या गावात ठळक जागी जाहीरनामा मोठ्याने वाचा, त्याच्या घरावर चिकटवा, एक प्रत न्यायालयाच्या इमारतीवर लावा. हजर व्हायला किमान तीस दिवस द्यायचे. जाहीरनामा निघाल्यानंतर न्यायालय केव्हाही मालमत्तेवर टाच आणू शकतं. पण टाच आली म्हणजे लगेच लिलाव नव्हे. सहा महिने थांबायचं. दोन वर्षांच्या आत तो स्वतः हजर झाला आणि मुद्दाम पळालो नव्हतो, जाहीरनाम्याची खबरही वेळेत लागली नव्हती, हे त्याने पटवून दिलं, तर खर्च वजा करून मालमत्ता किंवा तिची रक्कम परत. अपवाद गुराढोरांचा आणि नासणाऱ्या मालाचा. ती लगेच विकायला न्यायालय परवानगी देऊ शकतं. बैलाला सहा महिने वैरण कोण घालणार, हा विचार कायदा लिहिणाऱ्याने केलेला आहे!

आणि आता मुद्देमाल. जव्हार संस्थानाच्या स्थापनेची एक दंतकथा इथे उपयोगी पडते. जयबा मुकण्यांनी वारली राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजाने हसत होकार दिला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी वेढली तेवढी जागा घेतली. समुद्रापार कार्थेजच्या राणीबद्दलही हीच गोष्ट सांगतात, त्यामुळे ती इतिहास म्हणून घ्यायची नाही. पण पंचनामा लिहिणाऱ्या प्रत्येक हवालदाराने ती ऐकावी असं मला वाटतं. वर्णन ढिलं राहिलं की काय होतं, ते तिच्यात आहे. 'एक मोटारसायकल' असं लिहून भागत नाही. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, रंग, कुठे पोचा आला आहे, सगळं हवं. मोबाइल असेल तर आयएमईआय, दागिना असेल तर सोनाराकडून केलेलं वजन, नोटा असतील तर किती रुपयांच्या किती.

झडतीला शक्यतो त्याच भागातले निदान दोन तटस्थ, प्रतिष्ठित पंच लागतात. वस्तू त्यांच्यासमोर पाकिटात किंवा कापडात घालायची, दोरा बांधायचा, सह्यांचं लेबल लावायचं आणि गाठीवर लाख तापवून पितळी मोहर उठवायची. लाखेचा तो लाल ठिपका फुटल्याशिवाय आतली वस्तू बदलता येत नाही. पुढे मुद्देमाल रजिस्टरात नोंद, मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात, तिथून प्रयोगशाळेत, तिथून परत. हातातून हातात जाताना प्रत्येक वेळी सही. यातली एक कडी निखळली की बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. १ जुलै २०२४पासून, म्हणजे ही संहिता लागू झाल्यापासून, याच्या जोडीला चित्रीकरणही सक्तीचं झालं. झडती आणि जप्ती मोबाइलवर टिपून विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची.

पुरावा कायद्यातलं सगळ्यात अजब कलम मात्र जुनंच आहे. आरोपीने पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही, कारण तो मारून-दमदाटीने घेतलेला असू शकतो. पण त्याच्या सांगण्यावरून खरोखर एखादी गोष्ट उघडकीला आली, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य. १९४६मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने) या कलमाची कात्री नेमकी कुठे चालते ते दाखवलं. 'सुरा मी घराच्या छपरात लपवला आहे, तो काढून देतो' हे चालेल. 'त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं' हे त्याच दमात बोललेलं असलं तरी कापून टाकायचं. सुरा तर माणसाला आधीपासून ठाऊक असलेली चीज. नव्याने कळतं ते एवढंच की तो कुठे होता आणि हे आरोपीला माहीत होतं. एका वाक्याचे दोन तुकडे, एक न्यायालयात, एक केराच्या टोपलीत.

जप्त वस्तू कधीकधी खटल्यापेक्षा मोठी होते. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. इंग्रजांविरुद्ध बंड करतानाही त्यांची लिहायची सवय सुटली नाही. जुलै १८७९मध्ये तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवरनावडगी गावी मेजर डॅनियलने त्यांना पकडलं, तेव्हा ते तापाने फणफणले होते. सरकारच्या हाती लागलेली त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र खटल्यात त्यांच्याच विरुद्ध वाचलं गेलं. बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे होते. शिक्षा झाली काळ्या पाण्याची आणि पाठवणी एडनला. तिथे त्यांनी कोठडीचं दार बिजागरीसकट उखडून पळ काढला, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते वारले. त्यांना दोषी ठरवायला जपलेली ती पानं आज त्यांच्या मनात काय होतं ते सांगणारा सगळ्यात जवळचा साक्षीदार आहेत.

बाकीच्या मुद्देमालाच्या नशिबी एवढं भाग्य नसतं. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात टायर बसलेल्या, वेलींनी वेढलेल्या गाड्या पाहा, आणि जव्हारचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. हमीपत्र आणि छायाचित्रं घेऊन गाडी मालकाला देता येत असताना ती खटला संपेपर्यंत गंजत ठेवण्यात कुणाचं भलं आहे, हे मला कधी कळलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयालाही कळलं नव्हतं. २००२मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात त्याने बजावलं की वस्तू ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर. आता संहितेतच मुदती घातल्या आहेत. वस्तू समोर आल्यापासून चौदा दिवसांत न्यायालयाने तिचं वर्णन तयार करायचं, छायाचित्र किंवा चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर तीस दिवसांत ती परत द्यायची, विकायची की नष्ट करायची ते ठरवायचं. खटल्यात पुरावा म्हणून ते वर्णन आणि ती छायाचित्रं चालतात.

तेव्हा तुमची चोरीला गेलेली दुचाकी सापडल्याचा फोन आला, तर कागदपत्रं घेऊन नुसतं ठाण्यात जाऊन भागणार नाही. न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथून ती सुपुर्दनाम्यावर मिळते, म्हणजे वापरा, पण विकू नका, रंग बदलू नका आणि बोलावलं की हजर करा. मालक कोण हेच ठाऊक नसेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढून सहा महिने वाट पाहतात. तोवरही कुणी हक्क सांगायला आलं नाही, तर ती वस्तू सरकारजमा होऊ शकते.