मागणारा हात आणि पगारदाराचा प्रश्न

यवतमाळच्या बसस्थानकावर किंवा कळंबच्या चिंतामणीच्या दाराशी पुढे आलेल्या हातावर पैसा ठेवावा की नाही, हा प्रश्न सुशिक्षितांना नेहमीच अवघडून टाकतो. ‘दिल्याने भीक वाढते, यांनी काम करावे,’ असे म्हणून पुष्कळजण पुढे जातात. अर्थशास्त्राला हा युक्तिवाद अगदीच अमान्य नाही. ज्याला दाम मिळतो त्याचा पुरवठा वाढतो, हे खरेच. परंतु भीक सोडून जगण्याचा दुसरा मार्ग खुला असेल तरच हा न्याय भिकेला लावता येतो.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने हा विचार केला नाही. भीक मागणे गुन्हा ठरवून, दोषी ठरलेल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद त्याने केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती ही गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली.

महाराष्ट्राने अधिक शहाणपणाचा मार्गही दाखविला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना विस्तारली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. शिक्षक व कारकून हा कर आजही वर्षाला अडीच हजार रुपयांपर्यंत भरतात. ज्यांना काम झेपत नाही, अशांसाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. २०२३ साली तिची मदत दरमहा १,५०० रुपये झाली.

म्हणजे मार्ग आहे. पण तो दाखल्यांतून जातो. कापसाची वेचणी संपली की कोरडवाहू गावातली मजुरी आटते. अशा वेळी निरक्षर वृद्धेने उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि बँकेचे खाते एकट्याने कसे जमवावे? अर्ज लिहून देणारा विद्यार्थी, वयाची नोंद शोधून देणारा शिक्षक, अपुरा अर्ज परत न लोटता त्रुटी समजावून सांगणारा कारकून, यांची मदत तिला नाण्यापेक्षा अधिक काळ पुरेल.

भुकेल्याला चार पैसे देण्यात पाप नाही आणि न देण्याचा अधिकारही प्रत्येकाला आहे. मात्र ‘सरकार देते ना’ म्हणून जो हात आखडतो, त्याने सरकारचे देणे त्या हातापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पत्करलेली असते. ‘मागेल त्याला काम’ या घोषणेने मागण्याला हक्काचा अर्थ दिला. तो अर्थ टिकवणे बव्हंशी लेखणी हाती असलेल्या याच वर्गावर अवलंबून आहे.