टी-शर्टचा धंदा करायचाय? आधी कापड शिका, डिझाइन नंतर



आमच्या एका बॅचला एक ताई होत्या. ब्लाउज आणि ड्रेस शिवण्यात पंधरा वर्षांचा हात. गणपतीच्या आधी त्यांना एका ढोल-ताशा पथकाची २४० टी-शर्टची ऑर्डर मिळाली. कापड आणलं, शिवलं, बाहेरून छापून घेतलं आणि वेळेत दिलं. मुलांनी सरावाला घातले, धुतले, आणि आठवड्यात फोन आला. टी-शर्ट आखूड झाले होते, बाजूची शिवण फिरून पोटावर आली होती, छातीवरच्या छपाईला तडे गेले होते. सगळा माल परत. नवा माल पदरचे पैसे घालून द्यावा लागला.

त्या मला म्हणाल्या, "सर, माझी शिलाई तर एक नंबर होती. मग चुकलं कुठे? मी आता फॅशन डिझाइनचा कोर्स करू का?"

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. म्हणून आज सविस्तर बोलू.

विणणं एकच, कापडं दोन

मराठीत आपण पैठणी विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एक, पण कापडं वेगळी. पैठणी, सोलापुरी चादर, इचलकरंजीचं मागावरचं कापड, यांत उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. टी-शर्ट, बनियन, स्वेटर यांत धाग्याचे फास एकात एक अडकवलेले असतात. म्हणून ते ताणतं. बाजारात त्याला होजिअरी किंवा निट म्हणतात. सुती होजिअरीसाठी तमिळनाडूतलं तिरुपूर आणि लोकरीच्या मालासाठी पंजाबातलं लुधियाना प्रसिद्ध आहे.

ताईंचा सगळा अनुभव मागावरच्या कापडाचा होता. होजिअरीचे नियम वेगळे आहेत:

- साध्या मशीनची शिवण ताण बसला की तुटते. इथे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन लागतं, आणि गोल टोकाची सुई. टोकदार सुईने फास तुटून भोक पडतं.
- कापड नीट सेट केलेलं नसेल तर धुतल्यावर आटतं आणि धाग्याच्या पिळामुळे तिरकं फिरतं.
- हे कापड बहुतेक वेळा मीटरवर मिळत नाही, किलोवर मिळतं.

शेवटचा मुद्दा खिशाशी थेट जोडलेला आहे. हिशोब करून बघा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ७२ इंच पन्ह्याचं १८० जीएसएमचं कापड एका किलोत साधारण ३.०४ मीटर भरतं. तेच २०० जीएसएमचं आलं तर साधारण २.७३ मीटर. १०० किलोमागे तब्बल ३० मीटर कापड कमी! भाव तोच, बिल तेच, पण टी-शर्ट कमी निघणार. नफा तिथेच गेला.

छपाईतही तेच

"छापून द्या" म्हणणं सोपं असतं. पण सुती कापडाला रिॲक्टिव्ह किंवा पिगमेंट रंग लागतो, पॉलिएस्टरला डिस्पर्स. सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरवर उठून दिसते, शुद्ध सुतीवर टिकत नाही. जाड रबरी दिसणारी प्लास्टिसोलची छपाई साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत नीट तापवावी लागते. कमी तापली तर ताणल्यावर तडे जातात. ताईंचं नेमकं तेच झालं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. चार रंगांचं डिझाइन म्हणजे चार स्क्रीनचा खर्च, मग तुम्ही २० नग छापा की २,०००. डिजिटलमध्ये स्क्रीन नाही, पण नगामागे खर्च जास्त. म्हणजे डिझाइन कागदावर काढतानाच तुमचा भाव ठरत असतो.

कापड कळणाऱ्याची कमाई

फिनलंडच्या मारीमेक्कोचं बघा. १९५१ साली छापील कापडाचा उपयोग दाखवायला त्यांनी कपडे शिवून फॅशन शो केला. कपडे साधे, छाप ठसठशीत. माइया इसोलाने १९६४ मध्ये काढलेलं त्यांचं उनिक्को हे फुलांचं डिझाइन आजही विकलं जातं. इटलीत ओत्ताविओ आणि रोझिता मिस्सोनी या जोडप्याने १९५३ मध्ये गल्लाराते गावात निटवेअरची छोटी कार्यशाळा सुरू केली. त्यांचे नागमोडी रंगीत पट्टे हीच त्यांची ओळख झाली. ज्याचं कापड वेगळं, त्याच्याशी गिऱ्हाईक दरावरून घासाघीस कमी करतं.

मग कोर्स कुठला?

वय आणि वेळ असेल, म्हणजे बारावी झाली असेल, तर चार वर्षांची पदवी. निफ्ट ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था १९८६ मध्ये सुरू झाली. तिथे फॅशन डिझाइन, टेक्स्टाइल डिझाइन आणि निटवेअर डिझाइन हे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश परीक्षेतून मिळतो, आणि नवी मुंबईत खारघरला त्यांचं केंद्र आहे. फॉर्म भरताना फक्त "फॅशन" शब्द बघू नका. छपाईची आवड असेल तर टेक्स्टाइल, टी-शर्ट-स्वेटरचा धंदा करायचा असेल तर निटवेअर, हे आधी ठरवा.

एवढा वेळ आणि पैसा नसेल तर आयटीआयचे शिवण आणि फॅशनचे एक वर्षाचे ट्रेड आहेत. खासगी क्लास लावत असाल तर फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: फ्लॅटलॉकवर मला स्वतः बसायला मिळेल का? स्क्रीन मी स्वतः बनवणार का? कापड धुऊन तपासायला शिकवणार का? तिन्हींना "नाही" उत्तर आलं तर तिथे तुम्ही फक्त चित्रं काढायला शिकाल.

ताईंनी काय केलं?

मी त्यांना सांगितलं, "ताई, दुकान बंद करून चार वर्षं शिकायची तुम्हाला गरज नाही." त्या महिनाभर रोज दुपारी एका छपाईवाल्याकडे जाऊन बसल्या. आता प्रत्येक ऑर्डरआधी कापडावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखतात, धुतात, वाळवतात आणि पुन्हा मोजतात. ५० चे ४७ झाले तर कापड ६ टक्के आटलं. म्हणजे २८ इंचाचा टी-शर्ट जवळजवळ पावणेदोन इंच आखूड होणार. असं कापड त्या परत करतात. एक नमुना छापून, तीन वेळा धुऊन गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कात्री लावत नाहीत.

त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे. तिला निटवेअर शिकायचंय. तिला मात्र मी म्हटलं, "तू जा. आईने जे नुकसान सोसून शिकलं, ते तू वर्गात शिकून ये."

या आठवड्याचा तुमचा गृहपाठ: अर्धा मीटरपेक्षा थोडं जास्त होजिअरी कापड आणा, चौकोन आखा, धुवा, मोजा. किती टक्के आटलं ते वहीत लिहा. तुमच्या टी-शर्टच्या धंद्याचं पहिलं पान तेच असेल.

चला, कामाला लागा!