पहिल्या फेरीत हरलेली मुले

डब्लिन म्हटले की आयर्लंडची राजधानी आठवते. पण अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातही एक डब्लिन आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस वसलेले हे गाव १९८२ साली नगर झाले, आणि आज तेथे भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबे राहतात. त्या भागातील हायस्कुलांत वादविवाद स्पर्धांची मोठी आवड आहे. चौदा वर्षांची मुले शनिवारी कोट घालून परक्या शाळेत जातात आणि पुष्कळदा एकामागून एक फेऱ्या हरून घरी येतात. पुढच्या शनिवारी मूल म्हणते, “मला नाही जायचे.” त्या क्षणी आईवडिलांनी काय करावे?

“अपयश ही यशाची पहिली पायरी,” असे आपण सांगून मोकळे होतो. पण ती पायरी चढावी कशी, हे मुलाला कळत नाही.

प्रथम साधा हिशेब समजवावा. प्रत्येक फेरीत दोन पक्ष असतात आणि त्यांतला एक हरतोच. शंभर पक्ष उतरले तर पहिल्या फेरीअखेर पन्नास हरलेले असतात. म्हणून या स्पर्धांत एका पराभवाने कोणी बाद होत नाही. प्राथमिक फेऱ्या सर्वांनाच मिळतात. पुढे पुढे बहुधा सारखे विजय असलेले पक्ष समोरासमोर येतात. म्हणजे दोनदा हरलेल्यासमोर त्याच्यासारखाच चाचपडणारा उभा राहतो. १९२५ साली स्थापन झालेली तेथील राष्ट्रीय वादविवाद संस्था जिंकणाऱ्यास ६ गुण देते, आणि हरणाऱ्यासही ३. उभे राहून बोलल्याची ती नोंद होय.

तेथील एका वादप्रकाराला लिंकन आणि डग्लस यांचे नाव आहे. १८५८ साली इलिनॉय राज्यात या दोघांचे सात जाहीर वाद झाले. सिनेटची जागा मात्र डग्लस यांनाच मिळाली. हरलेल्या लिंकनने काय केले? वर्तमानपत्रांत छापून आलेली दोघांची भाषणे कापून वहीत चिकटवली. १८६० साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

आपल्याकडचे उदाहरणही दूर नाही. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या कोर्टात उलटतपासणीस उभे राहिले आणि एकही प्रश्न विचारू शकले नाहीत. घेतलेले ३० रुपये परत देऊन ते निघून गेले. तेच गांधीजी १९०१ साली आपल्या बेटावर आले, आणि मुलांना शिकवा, राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी आपल्या पूर्वजांना सांगितले. या दोघांना पराभव लागला नसेल असे नाही. पण तो त्यांनी कामाला लावला.

मुलांनीही तेच करावे. परीक्षक निर्णयाबरोबर कारणे लिहून देतात. तो कागद रागाने फाडू नये, वहीत ठेवावा. दहा चुका दाखवल्या असतील तर पुढच्या खेपेस एकच सुधारावी: उत्तर देताना कागदाकडे न पाहणे, किंवा वेळ संपण्याआधी मुद्दा पुरा करणे. एवढे साधले तर निकाल काहीही लागो, तो दिवस फुकट गेला नाही.

आणि आईवडिलांनी दारातच “जिंकलास का?” असे विचारू नये. “समोरच्याचा कोणता मुद्दा तुला पटला?” असे विचारावे. जेवताना मूल तो मुद्दा सांगू लागते, आणि सांगता सांगता त्याचे उत्तरही त्यालाच सुचते.

आपल्या बेटावरही मुले वक्तृत्वाला आणि मराठी नाटकांना उभी राहतात. तिसऱ्या भाषेत बोलताना अडखळतात. चिकाटी धरणारा प्रत्येक जण ढाल आणील असे वचन कोणी देऊ नये. पण चार लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडण्याची सवय ढालीपेक्षा जास्त दिवस टिकते. ती सवय लागण्याआधीच मूल घरी बसले, तर खरा पराभव तो.