झेरॉक्सच्या पोटात काय राहते?

चांद्यापासून बांद्यापर्यंत कोणत्याही कचेरीत गेलेल्या माणसाच्या कानी पडणारे पहिले वाक्य ठरलेले असते : "याची एक झेरॉक्स काढून आणा." झेरॉक्स हे वास्तविक एका अमेरिकन कंपनीचे नाव. पण आपल्याकडे ते नामही झाले आणि क्रियेचे नावही झाले. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, निघते ती झेरॉक्सच. तालुक्याच्या गावी एसटीतून उतरल्यावर तहसील कचेरीचा पत्ता विचारण्याचे कारण नाही. झेरॉक्सची दुकाने जिथे दाटीने उभी असतील, तिथे समोर कचेरी असतेच.

गेल्या उन्हाळ्यात मी चंद्रपूरहून निघालो आणि मूल, सावली करीत वैनगंगा ओलांडून गडचिरोली, धानोऱ्यापर्यंत जाऊन आलो. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता. मी मात्र पाने सोडून कागद पाहत हिंडत होतो. माझ्यापाशी एकच प्रश्न होता, आणि तो मी जाईन त्या कचेरीत विचारीत होतो. कागद यंत्रात जातो, नक्कल बाहेर येते, अस्सल आपण उचलून घेतो. मग यंत्राच्या पोटात काय राहते? एका बाबूंनी हसून उत्तर दिले, "राहते ना सर, अडकलेला कागद राहते!" हे उत्तर मला निदान चार ठिकाणी मिळाले.

पूर्वी ते खरेही होते. जुन्या यंत्रात दिवा, आरसे आणि भिंग असे. कागदाचे प्रतिबिंब फिरत्या ड्रमवर पडायचे, काळी भुकटी त्याला चिकटायची, ती कागदावर उतरून तापवली की नक्कल तयार. प्रतिबिंब पुसले की यंत्र पुन्हा कोरे. हल्लीचे यंत्र तसे नाही. ते कागद आधी वाचते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते, ते आकडे आपल्या स्मृतीत ठेवते आणि मग छापते. टेबलावरच्या लहान प्रिंटरची स्मृती बहुधा वीज गेली की जाते. पण नक्कल, छपाई, स्कॅन असे सारे करणारी जी मोठी यंत्रे कचेरीच्या कोपऱ्यात उभी असतात, त्यांपैकी पुष्कळांत संगणकातल्यासारखी हार्ड डिस्क असते. पुसण्याची सोय चालू केलेली नसेल, तर महिनोन्‌महिन्यांचे कागद तीत पडून राहू शकतात.

२०१० साली अमेरिकेतल्या सीबीएस या वृत्तवाहिनीने याची परीक्षाच घेतली. न्यू जर्सीच्या एका गोदामातून त्यांनी चार जुनी कॉपी-यंत्रे विकत घेतली, प्रत्येकी सुमारे ३०० डॉलरना. डिस्का काढून वाचल्या तेव्हा एका यंत्रात बफेलो शहराच्या पोलिसांच्या लैंगिक गुन्हे शाखेचे कागद निघाले, दुसऱ्यात अमली पदार्थांच्या छाप्यात कोणाला गाठायचे त्याची यादी निघाली, आणि आणखी एकात अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा कंपनीच्या सभासदांची औषधे, तपासण्या, आजार! त्या कंपनीने यंत्रे भाड्याने घेतली होती आणि मुदत संपल्यावर डिस्क न पुसताच परत केली होती. २०१३ मध्ये सरकारशी तडजोड करताना तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती उघड्यावर पडली असावी, असा अंदाज होता.

या हकिगतीतला मला सर्वांत बोचलेला तपशील वेगळाच आहे. वार्ताहर गोदामात गेले त्या दिवशी जुन्या यंत्रांनी भरलेली दोन कंटेनरे परदेशी निघाली होती, एक आर्जेंटिनाला आणि एक सिंगापूरला. जुनी यंत्रे अशी जगभर फिरतात. आपल्या देशातही ती येतात. इतकी, की त्यांच्या आयातीचा वाद २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तहसीलसमोरच्या दुकानातले 'सेकंड' यंत्र आधी कोणाच्या घरचे होते, हे मालकालाही ठाऊक नसते. आणि ते पुढे कोणाच्या घरी जाईल, हेही.

आता कोणी म्हणेल, न्यूयॉर्कच्या विमा कंपनीचे जाऊ द्या, आमच्या जंगलातल्या कागदांना कोण विचारतो? वाचकहो, इथल्याच कागदांना विचारणारे अधिक आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, आणि त्या जंगलावर हक्क कोणाचा, हे हल्ली कागदावर ठरते. धानोरा तालुक्यातले लेखा-मेंढा हे २००९ साली, देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी एक. १८०० हेक्टरांच्या आसपासचे जंगल त्या गावाच्या नावे झाले. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे गावाचा शिक्का आणि गावकऱ्याची सही यांवर बांबूने भरलेला ट्रक नाक्यावरून पुढे जाऊ लागला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या. त्यांच्या बँक खात्यांतल्या रकमा आता लाखांत असतात.

अशा ग्रामसभेचा ठराव, शीर्षपत्र, शिक्का, सही आणि पासबुकाचे पहिले पान ही सारी मंडळी एकाच दुपारी एकाच यंत्रातून जातात. खोटा ठराव किंवा खोटा परवाना बनवू पाहणाऱ्याला याहून अधिक कच्चा माल लागत नाही. वैयक्तिक वनहक्क दाव्याच्या फायलीत तर माणसाचे सारे आयुष्यच असते. जमीन कधीपासून कसतो, घरात कोण कोण आहे, जात कोणती, अंगठा कोणाचा. शहरातला माणूस क्रेडिट कार्ड बदलून घेतो. अंगठा कोठून बदलणार?

आणखी एक गोष्ट, जी या भागात हलक्या आवाजात बोलली जाते. पोलिसांचा खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरून गडचिरोलीत माणसे मारली गेली आहेत. ते दिवस आता ओसरत आहेत. पण एखाद्या यादीतले नाव भलत्याच्या हाती पडणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

डिस्क ही झाली आतली गोष्ट. यंत्राला दारही असते. पूर्वी प्रिंटर एका तारेने एका संगणकाला बांधलेला असे. आता तो साऱ्या कचेरीच्या जाळ्यात असतो आणि राउटरची मांडणी ढिसाळ असली तर साऱ्या जगाच्या नजरेस पडतो. २०१८ साली एका उपद्व्यापी तरुणाने आपल्या आवडत्या यूट्यूबवाल्याचा प्रचार जगभरच्या सुमारे ५०,००० प्रिंटरांवर छापून दाखवला, निदान त्याचा दावा तसा होता. ती नुसती थट्टा. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, रशियाशी संबंधित एक हेर टोळी इंटरनेट-फोन, प्रिंटर आणि व्हिडिओचे यंत्र यांतून कंपन्यांच्या जाळ्यात शिरली होती. तिन्हींपैकी दोन ठिकाणी कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता. २०२५ मध्ये रॅपिड७ या संस्थेने दाखवून दिले की, ब्रदर कंपनीच्या ६८९ प्रकारच्या यंत्रांचा मूळ पासवर्ड त्यांच्या अनुक्रमांकावरून काढता येतो. तयार यंत्रांतला हा दोष नुसत्या सॉफ्टवेअरच्या डागडुजीने पुरता जात नाही. उपाय एकच, आणि तो फुकटचा : पासवर्ड बदला. मी पाहिलेल्या एका कचेरीत तो पासवर्ड यंत्राच्याच झाकणावर चिकटपट्टीने डकवलेला होता, सुवाच्य अक्षरांत.

प्रिंटर बिघडला की आपण मेकॅनिकला फोन करतो आणि चहा प्यायला जातो. ढाक्याच्या बांगलादेश बँकेतही ५ फेब्रुवारी २०१६ रोजी असेच झाले. परदेशी व्यवहारांचे निरोप आपोआप छापणारा प्रिंटर त्या दिवशी गप्प होता. शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुटीचा दिवस. नेहमीचा बिघाड समजून मंडळींनी तो दुसऱ्या दिवसावर टाकला. यंत्र पुन्हा बोलू लागले तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या चौकशा बाहेर पडू लागल्या. चोरांनी बँकेच्या नावे सुमारे ९५ कोटी डॉलरच्या मागण्या पाठवल्या होत्या आणि कोणाला कळू नये म्हणून आधी प्रिंटरचेच तोंड बांधले होते. १० कोटींच्या वर रक्कम प्रत्यक्ष निघून गेली. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी परत मिळाले, ते चोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकवले म्हणून! फिलिपाइन्सला गेलेल्या ८ कोटी १० लाखांपैकी बराचसा पैसा तिथल्या जुगारगृहांत विरघळला.

मेकॅनिकवरून आठवले. १९६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत झेरॉक्सचे ९१४ हे यंत्र होते. अमेरिकन हेरखात्याने कंपनीच्या अभियंत्यांकडून त्यात एक लहान कॅमेरा बसवून घेतला. देखभालीला येणारा माणूस दर खेपेस फिल्म बदलून नेई. पहारेकरी, कुलपे, तिजोऱ्या सारे जागच्या जागी, आणि गुपिते हत्यारांच्या पेटीतून बाहेर! आपल्या कचेऱ्यांत येणारा बिचारा मेकॅनिक हेर नसतो, हे मी जाणतो. पण त्याने नेलेला सुटा भाग कोणता, हे नोंदवहीत लिहिलेले मी क्वचितच पाहिले.

कचेरीचा अर्धा कारभार समोरच्या दुकानात चालतो, म्हणून तिथेही डोकावलो. तिथे यंत्रापेक्षा मोबाइल धोक्याचा. गिऱ्हाईक आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, दुकानदार तो संगणकावर उतरवतो, छापतो, आणि फाइल तिथेच राहते. एका तरुण दुकानदाराच्या संगणकात अशा फायलींचा डोंगर दिसला. मी म्हटले, "भाऊ, हे पुसत नाहीस?"

"काहून पुसू जी?" तो म्हणाला. "उद्या तोच माणूस परत येते, 'फाइल असन ना भाऊ' म्हणते. त्याच्या मोबाइलमधून तं उडाली रायते."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दुकान हेच त्या गावकऱ्याचे कपाट आहे. पण त्या कपाटाला कुलूप नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, आधारची नक्कल सरसकट कोणाला देऊ नका, असा इशारा काढला आणि दोनच दिवसांत सरकारने तो मागे घेतला. लोक घाबरतील म्हणून. माझ्या मते इशारा बरोबर होता. निदान शेवटचे चारच आकडे दाखवणारे 'मास्क्ड' आधार चालत असेल तिथे तेच द्यावे आणि आपल्यासमोर फाइल पुसायला लावावी. पैशाची फसवणूक झालीच, तर १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवावा.

कचेऱ्यांना करण्यासारखे फार अवघड नाही. डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करण्याची आणि काम संपताच पुसण्याची सोय पुष्कळ मोठ्या यंत्रांत असतेच, ती चालू करायची असते. स्वतः यंत्रापाशी जाऊन आकडा दाबल्यावरच कागद बाहेर यावा, अशी व्यवस्था करता येते. म्हणजे गोपनीय पत्र तासभर ट्रेमध्ये पंख्याखाली फडफडत नाही. यंत्र भाड्याचे असेल, तर परत करताना डिस्कचे काय, हे करारात आधीच लिहून घ्यावे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

एका लहानशा कचेरीत एक ज्येष्ठ लिपिक भेटले. जुने यंत्र निर्लेखित व्हायचे होते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची किंमत होती, खरेदीची तारीख होती. डिस्कसाठी रकाना नव्हता. त्यांनी शेरा लिहून डिस्क बाहेर काढवली, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावले आणि दोन पंचांसमोर ड्रिलने तिला चार भोके पाडून घेतली. पंचनाम्यावर सह्या झाल्या. भंगारवाल्याने यंत्राच्या भावातून पन्नास रुपये कमी केले. लिपिक म्हणाले, "करू द्या."