आठ वारांचा किल्ट, अडीच मीटर कापडात

दरवर्षी २९ जानेवारीच्या सायंकाळी नवी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटचा सोहळा होतो. त्यातील पाइप बँडची परंपरा मूळची स्कॉटलंडची; वादकांच्या खांद्यावरून रुळणारे चौकडीचे वस्त्रही तिकडचेच. त्याच वस्त्राचे भावंड म्हणजे किल्ट. पुरुषांनी परिधान करावयाचे हे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार वस्त्र मराठी माणसास अगदीच परके वाटू नये. समारंभाच्या किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारी लुगड्याहून एकच वार कमी! ब्रिटिश सरकारने १७४६ मध्ये कायदा करून डोंगरी मुलखातील पुरुषांना हा वेष निषिद्ध ठरविला होता. ती बंदी १७८२ मध्ये उठली.

लोकरीचा, कारागिराने हाताने शिवलेला किल्ट महाग पडतो. नेहमीच्या वापराचा किल्ट मात्र घरच्या शिवणयंत्रावर होऊ शकतो. खर्च कोठे कमी करावयाचा, एवढे आधी ठरविले पाहिजे. लोकरीऐवजी सुती ट्विल किंवा मिश्र धाग्याचे सूटिंग चालते. लांबीत फार काटकसर केली तर चुण्या उथळ होतात आणि किल्टचा साधा घागरा होतो.

ही अडचण पन्हा सोडवितो. शंकर मार्केट किंवा नेहरू प्लेस येथील दुकानांत ५८ इंची पन्ह्याचे कापड शोधावे. असे अडीच मीटर कापड लांबीच्या दिशेने मधोमध कापले की २९ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या होतात. त्या जोडल्या की पाच मीटर. मीटरला २०० रुपये दर धरल्यास कापडाचे ५०० रुपये. पट्टे, बकले व दोरा वेगळे. मंगोलपुरीच्या कतरन बाजारात कापड वजनावर स्वस्त मिळते, परंतु एकाच ताग्यातील सलग तुकडा हाती लागेलच असे नाही. सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आटते.

आता हिशेब. नितंबांचा घेर ४० इंच असल्यास समोर एकावर एक येणारे दोन सपाट पदर प्रत्येकी २० इंचांचे ठेवावेत. पाठीमागे प्रत्येकी एक इंच दिसणाऱ्या २० चुण्या येतात. एका चुणीस सात इंच कापड लागते: एक इंच दर्शनी आणि सहा इंच दुमडीत. पाच मीटर म्हणजे सुमारे १९७ इंच. त्यांपैकी १८० येथे खर्ची पडतात, उरलेले कडांच्या दुमडीसाठी. दोन पट्ट्यांचा सांधा चुणीच्या आत लपवावा. कापडाची मूळ किनार तळाशी ठेवल्यास खाली दुमडावे लागत नाही. चौकडी दर सात इंचांनी पुन्हा येत असेल तर प्रत्येक चुणीवर तीच रेघ उमटते. नवशिक्याने मात्र एकरंगी कापडच घ्यावे.

चुण्या आधी कच्च्या टाक्याने बसवाव्यात. पक्की शिलाई कमरेपासून नितंबांपर्यंतच. कमरेशी प्रत्येक चुणी किंचित अरुंद करावी. खालचा भाग मोकळा ठेवून ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवावी. वरचा पदर नेसणाऱ्याच्या उजव्या बाजूस बकलाने बंद होतो. चुण्या जुळेनाशा झाल्या, तर मुलींच्या गणवेशाचे चुणीदार स्कर्ट शिवणारा गल्लीतला शिंपी गाठावा. तेवढेच काम त्याच्याकडून करून घेता येते.