तिकीट म्हणजे कागद नव्हे, नोंद

१६ जून २०१९ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. जागा सुमारे २५ हजार आणि अर्ज ४ लाखांहून अधिक! म्हणजे एका खुर्चीमागे सोळा अर्ज. एकाला खुर्ची मिळाली. उरलेले पंधरा आशेवर राहिले. भामट्यांचे गिऱ्हाईक म्हणजे हे पंधरा जण. ते लोभी नसतात, मूर्ख तर मुळीच नसतात.

ब्रिटनमधल्या आपल्या घरांत या आशेला आणखी एक धार असते. आई-वडील सांगली-सोलापूरहून तीन महिन्यांसाठी येतात. लॉर्ड्सवरचा १९८३चा अंतिम सामना बाबांनी शेजाऱ्यांच्या घरी रेडिओवर ऐकलेला असतो. यंदा भारताचा संघही इथेच, आणि ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणायला त्यांचे वय धजावत नाही. मग शंभराची जागा अडीचशेला पडली तरी मुलगा हिशेब करीत नाही.

मी व्यवसायाने हिशेबतपासनीस. आमच्या धंद्यात कोणी कागद दाखवला की आम्ही नोंद मागतो. तिकिटाच्या बाबतीतही एवढी एकच सवय लावून घेतली, तर निम्म्याहून अधिक संकट दारातूनच परतेल असे मला वाटते.

पूर्वी तिकीट पुठ्ठ्याचे असे. ज्याच्या हातात त्याचे. आता बहुतेक मोठ्या मैदानांचे तिकीट फोनवर असते. त्यावरचा चौकोनी कोड म्हणजे तिकीट नव्हे. मैदानाच्या संगणकातल्या एका नोंदीकडे बोट दाखवणारी ती खूण आहे. तो कोड पहिल्यांदा दाखवणारा आत जातो, दुसरा परत फिरतो. एकच चित्र दहा जणांना विकता येते. म्हणून तिकिटाचा फोटो, स्क्रीनशॉट, एवढेच काय, खरेदीची ईमेलसुद्धा पुरावा होत नाही. मैदानाच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून ती नोंद आपल्या खात्यावर आली, तरच तिकीट आपले.

यात एक अडचण आहे. ‘आधी नावावर करा, मग पैसे देतो’ असे आपण म्हणालो तर प्रामाणिक विकणाराही बिचकतो; त्यालाही फसण्याची भीती असतेच. यासाठीच अनेक मैदाने आणि क्लब अधिकृत पुनर्विक्रीची सोय ठेवतात. तिथे पैसे आणि नोंद दोन्ही मधल्या विश्वासू हातातून जातात. सामन्याच्या आदल्या आठवड्यातही तिथे जागा सुटतात. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधण्याआधी रोज सकाळी तिथे डोकावावे.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. एका व्हॉट्सॲप गटात निरोप आला: ‘मुलाला ताप आलाय, चार तिकिटे आहेत, मूळ किमतीतच देतो.’ आडनाव ओळखीचे, मराठी अस्खलित. चारशे ऐंशी पौंड गेले आणि फाटकावर कळले की कोड आधीच वापरला गेला आहे. ज्या सभासदाच्या नावाने निरोप आला होता, त्याचे खातेच कोणीतरी बळकावले होते. त्या बिचाऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. एक फोन केला असता, नुसता आवाज ऐकला असता, तरी उलगडा झाला असता. पण मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. लाजेपोटी त्या कुटुंबाने दोन महिने कोणाला काही सांगितले नाही, आणि तेवढ्या अवधीत त्याच गटातली आणखी दोन घरे तशीच फसली.

आता पैशांकडे वळू. पैसे कसे दिले, यावर ते परत मिळणार की नाही हे बरेचसे ठरते. क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याकडून घेतलेली आणि प्रत्येकी १०० पौंडांहून महाग (३० हजारांपर्यंत) असलेली वस्तू न मिळाल्यास, १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमान्वये कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. मध्ये तिसरा दलाल आला तर मात्र हे संरक्षण तुटू शकते. डेबिट कार्डावर ‘चार्जबॅक’ मागता येतो. तो कायदेशीर हक्क नव्हे, आणि त्याला मुदत असते. पेपॅलवर ‘मित्र व कुटुंबीय’ म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे संरक्षण नसते. विकणारा नेमका तोच पर्याय सुचवत असेल, तर तिथेच थांबावे.

बँकेतून परस्पर पाठवलेल्या रकमेसाठी ७ ऑक्टोबर २०२४ पासून नवा नियम आला. ब्रिटनमधल्याच दोन खात्यांत व्यवहार झाला असेल, तर फसवणुकीची रक्कम ८५ हजार पौंडांपर्यंत बँकेने भरून द्यायची असते. पण बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापू शकते, आणि इशारे अगदीच बेफिकिरीने धुडकावले असतील तर नकारही देऊ शकते. म्हणून ‘खात्याचे नाव जुळत नाही’ असे पडद्यावर आले की हात आवरावा. पुण्यातल्या भावाने तिथून यूपीआयने पैसे भरले असतील, तर हा नियम लागू होत नाही. त्याने तिथल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

कायद्याचे आणखी दोन मुद्दे. इंग्लंड व वेल्समध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीविना विकणे हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. क्रिकेटला तो लागू नाही. मात्र २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पुनर्विक्री करणाऱ्याने जागेचा विभाग, रांग, क्रमांक, छापील किंमत आणि काही अटी असतील तर त्या सांगायला हव्यात. हे प्रश्न विचारून पाहावेत. खोटे तिकीट विकणारा उत्तराऐवजी घाई करतो: ‘अजून तिघे मागताहेत, दहा मिनिटांत सांगा.’

आणि इतके करूनही फसलोच तर? आधी बँकेला फोन करावा. १५९ हा क्रमांक बहुतेक बँकांना जोडून देतो. संशयास्पद एसएमएस ७७२६वर पाठवावा. पोलिसांच्या फसवणूक-नोंद सेवेकडे तक्रार करावी. स्कॉटलंडमध्ये १०१ आहे. सगळे निरोप आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

त्यानंतर मात्र, वाचकहो, मंडळाच्या गटात चार ओळी अवश्य लिहा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ठेच लागलेल्याने तोंड उघडले तरच मागचा सावध होणार. आपल्या भाषेत गोड बोलून भामटा आपला विश्वास उचलून नेतो. त्यावर उपाय म्हणून एकमेकांवरचा विश्वास सोडायची गरज नाही. फोन उचलावा, आवाज ऐकावा, नोंद मागावी. खरा आपला माणूस याचा राग मानणार नाही.